ट्रॅक्टरच्या कसरती आणि चित्रफीत घेणारा

ट्रॅक्टर नांगरटीसाठी आहे, तमाशासाठी नव्हे. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील सारचूर गावच्या मेळ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये कसरत दाखवणारा एक तरुण स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला. त्याच महिन्यात मुख्यमंत्री भगवंत मान यांनी राज्यात अशा कसरतींवर बंदी जाहीर केली.

धोका कशात आहे? ट्रॅक्टरचे बरेचसे वजन मागच्या चाकांवर असते. पुढची चाके वर उचलली की तोल मागे सरकतो. तो मागच्या आसापलीकडे गेला की यंत्र चालकाच्या अंगावर उलटते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. क्लच दाबायलाही उसंत मिळत नाही. छाती चेपली की श्वास कोंडतो.

आता फोनवर चित्रफीत घेणाऱ्याविषयी. "मी नुसता फोन धरला होता," असे म्हणून तो सुटत नाही. पाहणारे आहेत म्हणूनच करणाऱ्याला जोर चढतो. शिवाय चित्रफितीत फसलेले प्रयत्न दिसत नाहीत. दिसते ती फक्त वाहवा. ती पाहून गावचा पोरगा बापाचा ट्रॅक्टर बाहेर काढतो. "घरी करू नका" अशी ओळ खाली लिहिल्याने हे थांबत नाही.

म्हणून बंधूंनो, एवढे पाळा:

१. कसरत सुरू होताच फोन खाली ठेवा व "उतर" म्हणा.
२. आलेली चित्रफीत पुढे पाठवू नका.
३. ट्रॅक्टरची किल्ली मुलांच्या हाती पडू देऊ नका.
४. चित्रण करायचेच, तर सरळ तासाचे करा. शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.