उन्हाळी एल आणि बाजाराचे वेळापत्रक

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात खरा उकाडा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत असतो. परंतु याच उकाड्यासाठी तयार केलेली ‘समर एल’ ही बीअर मार्च-एप्रिलमध्येच, रस्त्याकडेचा बर्फ पुरता वितळण्याच्या आधी, दुकानांत येऊन दाखल होते, आणि ऑगस्ट अर्धा सरतो न सरतो तोच तिची जागा भोपळा घातलेल्या व ऑक्टोबरच्या सणासाठी केलेल्या बीअरने घेतलेली असते. या बीअरविषयी तेथील रसिकांत बरीच मतभिन्नता आहे. तरीही बारकाईने पाहिल्यास चवीविषयीच्या त्यांच्या वादांपैकी पुष्कळसे वाद या चुकलेल्या वेळापत्रकातूनच उद्भवलेले दिसतात.

बीअरची एल आणि लागर ही मुख्य विभागणी तिच्यातील यीस्टवरून, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्म बुरशीवरून, केली जाते. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस इतक्या उबदार तापमानात काम करते आणि त्या ओघात फळांची आठवण करून देणारे गंध निर्माण करते. लागरचे यीस्ट मात्र ७ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते व ती बीअर नंतर कित्येक आठवडे गारठ्यात मुरून नितळ, सौम्य चव देते. उन्हाळ्यात तहान भागवण्याचे काम परंपरेने लागरकडे होते, त्यामुळे उन्हाळी एल करणाऱ्याला लागरचा हलकेपणा आणि एलचा सुगंध या दोहोंचा मेळ घालावा लागतो. त्यासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, फिक्या रंगाचे घेतात, बहुधा त्याच्या जोडीला गहू वापरतात, कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचे प्रमाण बेताचे ठेवतात आणि मद्यार्क साडेपाच टक्क्यांच्या आत राखतात.

‘समर एल’ हा शास्त्रोक्त प्रकार नव्हे. बीअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक ज्या वर्गवाऱ्या वापरतात, त्यांपैकी एका प्रचलित वर्गवारीत ब्लाँड एल, अमेरिकन गव्हाची बीअर, ब्रिटिश गोल्डन एल असे वर्ग आढळतात, पण समर एल असा स्वतंत्र वर्ग नाही. या मोकळिकीमुळे एकाच नावाखाली अगदी भिन्न पेये विकली जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९८४ मध्ये आणलेली समर बीअर गव्हावर आधारलेली होती, तर बॉस्टनच्या सॅम्युएल अ‍ॅडम्स या प्रसिद्ध नाममुद्रेने १९९६ मध्ये आणलेल्या समर एलमध्ये गव्हाखेरीज लिंबाची साल आणि पश्चिम आफ्रिकेतील ‘ग्रेन्स ऑफ पॅरडाइज’ नावाचे बी घातले गेले. हे बी आले, हळद आणि वेलदोडा यांच्याच कुळातील असून त्याची चव मिऱ्यासारखी तिखट, पण किंचित वेलदोड्याकडे झुकणारी असते. इंग्लंडमध्ये वाट निराळी होती. तेथे सॉमरसेट परगण्यातील एक्समूर ब्रुअरीने १९८६ मध्ये ‘एक्समूर गोल्ड’ आणि त्यानंतर सॉल्झबरीच्या जॉन गिल्बर्ट यांच्या हॉप बॅक ब्रुअरीने ‘समर लाइटनिंग’ ही सोनेरी, कोरडी, हॉप्सचा गंध दरवळणारी एल आणून लागरकडे वळलेल्या तरुण गिऱ्हाइकाला पुन्हा पिंपातल्या बीअरकडे आणण्याचा यशस्वी प्रयत्न केला.

अमेरिकी रसिकांत उन्हाळी एलविषयी सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप ती पातळ आणि निःसत्त्व असल्याचा आहे. हॉप्सने भारलेल्या कडक इंडिया पेल एलची सवय जडलेल्या जिभेला ती लिंबाच्या सरबतासारखी वाटते, आणि काहींच्या मते तर लिंबाची साल ही साध्या बीअरचे साधेपण झाकण्याची युक्ती असते. याउलट तिचे चाहते तिला अभिमानाने ‘लॉनमोअर बीअर’ म्हणतात: भर उन्हात अंगणातील गवत कापून झाल्यावर, घाम निथळत असताना, विचार न करता प्यावी अशी बीअर. या मापाने पाहिले तर हलकेपणा हाच तिचा गुण ठरतो. दुसरा वाद पेल्याच्या काठावर लिंबाची फोड लावण्याचा. कसलेले रसिक ती काढून टाकतात, कारण लिंबाच्या रसाने फेस लवकर बसतो आणि यीस्टचा मूळ गंध दबतो. हा आक्षेप ताज्या बीअरबाबत पटण्याजोगा आहे.

ताजेपणाचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. गडद, भरपूर मद्यार्काची बीअर वर्षभर मुरून सुधारू शकते. फिक्या, नाजूक एलपाशी मात्र दोष लपवायला काहीच नसते. उष्ण गोदामात पडून राहिल्यास प्राणवायूशी होणाऱ्या क्रियेमुळे तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा व सालीचा सुगंध सर्वांत आधी विरून जातो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडले तर हॉप्समधील कडू द्रव्ये विघटित होऊन उग्र गंधाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी बाटली किंवा डबा वापरला जातो तो याचसाठी. मार्चमध्ये दुकानात आलेली उन्हाळी एल जुलैत उघडून तिला निःसत्त्व ठरवणाऱ्याच्या पेल्यात बहुधा निम्मी बीअर आणि निम्मा काळ असतो.

हा काळ जातो कुठे, याचे उत्तर अमेरिकेच्या मद्यविक्रीच्या रचनेत आहे. १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि विक्रेता असे तीन वेगळे टप्पे कायद्याने निश्चित केले, जेणेकरून कोणा एका ब्रुअरीने गुत्त्यांवर कब्जा मिळवू नये. हेतू चांगला होता. पण मागणी महिनोन्‌महिने आधी नोंदवावी लागते, उन्हाळा संपल्यावर उरलेला माल कुणालाच नको असतो, आणि फळीवर जो आधी पोहोचतो त्याला जागा मिळते, त्यामुळे प्रत्येक ब्रुअरी दुसरीच्या दोन आठवडे पुढे धावते. या धावपळीत गिऱ्हाइकाच्या तहानेचा विचार कुणीच करत नाही. त्यात राज्याराज्यांच्या नियमांची भर: पेन्सिल्व्हेनियात वितरकाच्या दुकानातून कित्येक दशके पूर्ण २४ बाटल्यांचा खोकाच घ्यावा लागे, त्यामुळे नवी उन्हाळी एल केवळ चाखून पाहू इच्छिणाऱ्याने करायचे तरी काय!

आपल्या भागात चांगली उन्हाळी एल शोधणारे जाणते रसिक म्हणूनच नावाआधी तारीख पाहतात. काही ब्रुअऱ्या ती सरळ छापतात. काही मात्र वर्षातील कितवा दिवस हे सांगणारा संकेतांक वापरतात, जसे की बाटलीच्या मानेवर किंवा डब्याच्या बुडाशी पुसट शाईत उमटवलेला १४५२५ हा आकडा, ज्याचा अर्थ २०२५ सालचा १४५ वा दिवस, म्हणजे २५ मे. हा आकडा भरण्याचा दिवस दाखवतो की मुदत संपण्याचा, हे मात्र दुकानदाराला विचारून घ्यावे लागते. साधारण दोन महिन्यांच्या आतली, शीतकपाटात उभी असलेली बाटली उन्हात मांडलेल्या सवलतीच्या खोक्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

याहून भरवशाचा मार्ग गेल्या काही दशकांत खुला झाला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण अमेरिकेत १०० हूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या. आज ही संख्या ९,००० च्या पुढे गेली आहे आणि त्यांतील बहुसंख्य छोट्या ब्रुअऱ्या आपल्याच आवारातील टॅपरूममध्ये, म्हणजे जेथे नळातून थेट पेला भरून मिळतो अशा दालनात, विक्री करतात. तेथे वितरकाचे वेळापत्रक आड येत नाही; जुलैत उकाडा वाढला की नवे पिंप लावता येते आणि ऑगस्ट अखेरीसही ते चालू ठेवता येते. इंग्लंडमध्ये हेच काम चांगला पब करतो, कारण तेथील खरी एल पिंपातच शेवटचे आंबते, तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवली जाते आणि पिंप उघडल्यापासून सुमारे तीन दिवसांत संपवावी लागते. १९७१ पासून कार्यरत असलेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेने पिंपातल्या एलची परंपरा नेटाने टिकवली नसती, तर समर लाइटनिंगसारख्या एलला ठाव मिळणे कठीण होते. गर्दीच्या पबमध्ये संध्याकाळी नुकतेच उघडलेले पिंप मिळाले, तर लिंबाची फोड मागण्याची गरज भासत नाही.