सामानाजवळ कोण बसणार?

सहलीचा बेत ठरला की आमच्या घरात तीन प्रश्न निघतात. निघायचं किती वाजता, डब्यात काय न्यायचं आणि सामानाजवळ कोण बसणार? पहिल्याचं उत्तर हे देतात, दुसऱ्याचं मी देते. तिसऱ्याचं कुणी देतच नाही, कारण ते ठरलेलंच असतं. मुलं लहान होती तेव्हा मी बसायची. त्याआधी सासूबाई बसत, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून पुन्हा त्याच बसतात. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच आहे नं?

आम्हा नागपूरकरांना समुद्र म्हणजे रात्रभराचा प्रवास. पाण्याकाठी जरा फिरावं, झाडीतून थोडं चढावं आणि दिवेलागणीला घरी यावं, असं वाटलं तर तलावच गाठावा लागतो. त्यासाठी रामटेकच्या पायथ्याच्या अंबाळा तलावासारखी जागा नाही. नागपूरहून अंतर सुमारे ५० किलोमीटर. एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे. बहुतेक मंडळी मोटारीने थेट गडाजवळ जातात, दर्शन घेतात आणि परततात. पण खरी मजा आहे ती अंबाळ्याच्या काठावरून जुन्या दगडी पायऱ्यांनी पायी चढण्यात.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सकाळी आठच्या आत अंबाळ्यावर पोचलो. पाण्यावर धुकं होतं. काठाला घाट, घाटावर जुनी देवळं आणि मागे डोंगर. मुलं पायऱ्यांवरून खालीवर पळत सुटली. सासूबाई मात्र घाटावर पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन. मी बसते बाप्पा इथे. सामान पाहाते.”

त्या तशा का म्हणाल्या, ते मला ठाऊक होतं. अंबाळ्यावर लोक अस्थी विसर्जनाला येतात. सासरे गेले तेव्हा सासूबाई चौतिशीत होत्या आणि हे नऊ वर्षांचे. त्या याच घाटावर आल्या होत्या. सुतकात देवदर्शन नाही, म्हणून पाण्यापासूनच परत फिरल्या. पुढे कधी गाडीने रामटेकला आलो तरी त्या गाडीतच बसून राहात. ही वाट त्यांनी कधी चढलीच नव्हती.

आमची बारा वर्षांची धाकटी सहज म्हणाली, “आजी, सामान काय पळून जाणार आहे? गाडीत ठेवू नं!”

इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत आम्हा मोठ्यांपैकी एकालाही सुचली नव्हती! मी पिशव्या उचलल्या आणि गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावलं. बरोबर घेतल्या त्या फक्त पाण्याच्या दोन बाटल्या, एक झोळा आणि सासूबाईंची काठी.

चढताना आम्ही एकच नियम केला. सर्वांत सावकाश चालणाऱ्याने पुढे राहायचं. म्हणजे त्याला मागे पडल्यासारखं वाटत नाही आणि बाकीच्यांनाही दम लागत नाही. सासूबाई पाचपन्नास पायऱ्या चढत, टेकत आणि मागे वळून पाहात. दर टप्प्यावर खालचा तलाव लहान होत गेला आणि काठावरची देवळं खेळण्यातल्यासारखी दिसू लागली. कडेने सीताफळीची झुडपं होती, झाडांवर वानरांच्या उड्या चालल्या होत्या. गंमत म्हणजे अर्ध्या वाटेत धापा टाकत होते ती मीच. “रोज खाली बसून केर काढ, म्हणजे दम नाही लागत,” हा शेरा मिळाला तो सासूबाईंकडून!

गडावर वराहाची भलीमोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो पुण्यवान, अशी समजूत. मुलं सुळकन गेली. ह्यांनी नुसता अंदाज घेतला आणि नमस्कारावर भागवलं!

गडावर रामलक्ष्मणाची देवळं आहेत, तशीच नरसिंहाचीही दोन जुनी देवळं आहेत. त्यांतलं केवल नरसिंहाचं देऊळ आवर्जून पाहा. ते वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे सुमारे १,६०० वर्षांपूर्वीचं आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. नवरा अकाली गेला, मुलं अज्ञान. मुलाच्या नावाने तिने स्वतः राज्यकारभार पाहिला, तोही निदान १३ वर्षं. हे तिच्या ताम्रपटावरूनच कळतं. जवळच्या नगरधनला झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली आहे. ह्या देवळातला लेख पुष्कळ झिजला आहे. पण प्रभावतीच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ हे देऊळ उभारलं, असं अभ्यासक मानतात. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मत नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. त्या यक्षाची कथा आपण पुष्कळ ऐकतो, ह्या राणीची मात्र फारशी कुणी सांगत नाही.

मी हे सांगत होते तेव्हा सासूबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरं केवढी होती गं तिची?”

शिवणाच्या मशीनवर तीन मुलं वाढवलेल्या बाईने विचारलेल्या ह्या प्रश्नावर आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. ह्यांनी आईचा हात धरला आणि तिला पायरी उतरवून दिली.

आता थोडं कामाचं. दसऱ्यानंतर ते शिवरात्रीपर्यंतचे दिवस ह्या चढणीला उत्तम. उन्हाळ्यात जाऊच नका. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला गडावर फार गर्दी असते, लहान मुलं असतील तर ते दिवस टाळा. पायात चपलेऐवजी बूट किंवा पट्ट्यांच्या सँडल असाव्यात. साडी नेसणार असाल तर सुती आणि जरा उंच नेसा. वानरं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाण्याचं काही वर नेऊ नका. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, उकडलेले बटाटे आणि संत्री, असा डबा खाली येऊन खावा. सालं आणि कागद घरी आणायला एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. आणि महत्त्वाचं म्हणजे, गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. वडीलधाऱ्यांना उतरवू नका. एकाने खाली जाऊन मोटार वर आणावी. आमच्याकडे हे काम ह्यांनी केलं, आणि तेही न कुरकुरता!

निघताना सासूबाई पुन्हा अंबाळ्याच्या घाटावर थांबल्या. ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “त्या दिवशी नुसतं पाणीच दिसलं होतं मला. एवढा डोंगर होता मागे!”

पुढच्या महिन्यात खिंडसी तलावावर जायचं ठरतं आहे. निघायचं किती वाजता ते ठरलं, डब्याचंही ठरलं. तिसरा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही.