आंबलेल्या पिठाचा पाव

उन्हाळ्यात सकाळी मळलेली कणीक संध्याकाळपर्यंत तशीच राहिली, तर तिला आंबूस वास येतो. 'कणीक फुकट गेली' म्हणून घरात हळहळ होते. पण असेच आंबणारे पीठ नीट सांभाळले, तर त्यापासून उत्तम पाव होतो. त्याला बाजारचे यीस्ट लागत नाही की सोडा लागत नाही. हा पाव घरी करून पाहण्यात मोठी मौज आहे.

गव्हाच्या पिठात यीस्ट आणि नाना प्रकारचे जीवाणू मुळातच असतात. त्यांना जागे करायला पाणी पुरते. काचेच्या स्वच्छ बरणीत ५० ग्रॅम गव्हाचे पीठ व ५० ग्रॅम पाणी कालवा. आत वायू तयार होणार असल्याने झाकण सैल ठेवा. पिठाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावा. रोज ठरावीक वेळी निम्मे मिश्रण काढून टाका व उरलेल्यात २५ ग्रॅम पीठ आणि २५ ग्रॅम पाणी घाला.

बहुधा दुसऱ्या दिवशी मिश्रण फुगते आणि आपल्याला आनंद होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र सारे शांत होते. एकही बुडबुडा दिसत नाही! येथेच पुष्कळजण बरणी रिकामी करतात. मीही पहिल्या खेपेस तेच केले आणि चूक केली.

असे का होते? पहिले बुडबुडे यीस्टचे नसतातच. ते काही घाईच्या जीवाणूंचे असतात. पिठात लॅक्टिक आम्ल साचू लागले, की ते त्यांना सोसत नाही व ते मागे पडतात. आम्ल सोसणारे जीवाणू आणि यीस्ट मात्र टिकतात व सावकाश वाढतात. बरणी बाहेरून शांत दिसते, तेव्हा आत ही अदलाबदल चालू असते. आठवड्याभरात मिश्रण पुन्हा फुगू लागते. पीठ-पाणी घातल्यावर सहा-आठ तासांत ते दुप्पट होऊ लागले, की आपले विरजण तयार झाले. (बुरशी किंवा गुलाबी-नारिंगी रेषा दिसल्या, तर मात्र सगळे फेकून द्यावे.)

यीस्ट आणि जीवाणू एका बरणीत भांडत कसे नाहीत? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा आंबट पाव प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये क्लाइन व सुगिहारा या शास्त्रज्ञांनी त्याच्या विरजणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील जीवाणूला माल्टोज ही शर्करा लागते, तर त्यातील यीस्टला माल्टोज वापरताच येत नाही. ते इतर शर्करांवर जगते. ताटे वेगळी, मग भांडण कशाचे?

आता पाव करू. ४०० ग्रॅम मैदा, २६० ग्रॅम पाणी, ८० ग्रॅम विरजण आणि ८ ग्रॅम मीठ एकत्र मळा. उरलेले २० ग्रॅम विरजण पुढच्या खेपेसाठी वाढवा, दह्याचे ठेवतो तसेच. गोळा दीडपटीहून अधिक फुगला, की त्याला आकार देऊन तासभर ठेवा. मग मोठ्यांच्या मदतीने जाड झाकणाच्या भांड्यात घालून २३०° सें. तापलेल्या ओव्हनमध्ये २० मिनिटे झाकून व २० मिनिटे उघडा भाजा.

ओव्हनमध्ये पाव आणखी फुगतो. ३०° सें. वरून १००° सें. पर्यंत तापलेला वायू ३७३ भागिले ३०३, म्हणजे सुमारे १.२३ पट होतो. पण पाव याहून अधिक फुगू शकतो, कारण पिठातील पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाण्याची वाफही होते.

खोलीचे तापमान आणि मिश्रण दुप्पट व्हायला लागलेले तास रोज वहीत लिहा. हिवाळ्यात हाच प्रयोग करून दोन्ही नोंदी शेजारी मांडा. आणि तिसऱ्या दिवशी बरणी शांत झाली, तर ती रिकामी करू नका.