विश्वातले शेजारी आणि बुद्धीचे मोजमाप

बदलापूरच्या एका अभ्यासवर्गात मी विश्वातील जीवसृष्टीवर बोलत होतो. बोलणे संपण्याआधीच मागच्या रांगेतला एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, "सर, आमच्या वस्तीत पाण्यासाठी रात्री जागावे लागते. वालधुनी रोज वेगळ्या रंगाने वाहते. अशा माणसांनी दुसऱ्या ग्रहावर कोण राहतो याची चौकशी कशासाठी करायची?" प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह 1995 साली सापडला. आज अशा परक्या ग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली आहे. म्हणजे ग्रह असणे ही आपल्या सूर्याची मिरास नाही. अडचण आहे ती अंतराची. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इ.स. 1060 चे. पाथरवटांचे ते काम पुरे झाले त्या दिवशी सूर्यापासून निघालेला प्रकाशकिरण सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावूनही आजपर्यंत आकाशगंगेच्या व्यासाचा जेमतेम शंभरावा हिस्सा तोडू शकला आहे. भेटीला जाणे दूरच. हाक मारली तरी उत्तर यायला पिढ्या जातील.

अशा स्थितीत शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. 1961 साली अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी या प्रश्नाचे सात तुकडे केले. वर्षाला किती तारे जन्मतात, त्यांपैकी कितींना ग्रह असतात, त्यांतले किती राहण्याजोगे, कितींवर जीव उपजतो, कितींवर बुद्धी येते, त्यांतले किती समाज आकाशात संदेश पाठवू लागतात, आणि असा समाज किती वर्षे टिकतो. हे सात आकडे एकमेकांनी गुणले की आज आपल्याशी बोलू शकतील अशा समाजांची संख्या मिळते. पहिले दोन आकडे आता बऱ्यापैकी हाती आले आहेत, तिसऱ्याचा अदमास लागतो आहे. उरलेले चार अंधारात आहेत. म्हणूनच कोणी उत्तर एक काढतो, कोणी लाखांत काढतो, आणि दोघांनाही खोटे ठरवता येत नाही.

हिशेब अडला तेथे ऐकणे सुरू झाले. रेडिओ-लहरी धूळ आणि वायूच्या ढगांतून आरपार जातात, शिवाय त्या पाठवायला ऊर्जा थोडी लागते. ड्रेक यांनी 1960 सालीच दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण रोखली होती. हायड्रोजन ज्या 1420 मेगाहर्ट्झवर बोलतो, त्या ठिकाणी कान लावला. काही ऐकू आले नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना हे सारे अमेरिकेत घडते असे वाटते. वस्तुतः या शास्त्राचा आपल्या देशातला एक आरंभ उल्हासनगरच्या शेजारी झाला. 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी कल्याणजवळ सहा-सहा फुटांच्या 32 तबकड्या उभ्या केल्या. त्या ऑस्ट्रेलियाने वापरून झाल्यावर भेट दिलेल्या होत्या. त्यांनी ऐकला तो सूर्य. परग्रहावरच्या माणसांचा त्यात संबंध नव्हता. पण याच माणसांनी पुढे 1970 मध्ये उटीची दुर्बीण बांधली आणि नंतर नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभी राहिली. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या एका यानाचा क्षीण आवाज खोडदनेच पकडला. यान आदळून फुटले, पण जुन्नर तालुक्यातल्या शेतांमधल्या तबकड्या कोट्यवधी किलोमीटरवरची कुजबुज ऐकू शकतात, एवढे सिद्ध झाले.

मग बाहेरून आवाज का येत नाही? पृथ्वीकडे पाहिले तर काही उमज पडते. आपला ग्रह सुमारे 454 कोटी वर्षांचा. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाणूंच्या खुणा आहेत. त्यानंतरचा बहुतेक सारा काळ येथे एकपेशी जीवच होते. आपली जात तीन लाख वर्षांची, आणि रेडिओ सव्वाशे वर्षांचा. तेव्हा विश्वात जीव पुष्कळ असतील आणि बोलणारे फार थोडे, हे सहज संभवते. जीव अवकाशातून पृथ्वीवर येतो का, हे पाहण्यासाठी जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2001 साली हैदराबादहून फुगा सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. 2005 च्या दुसऱ्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्या बाहेरून आल्या हे मात्र सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांनी तसे स्पष्ट सांगितले. पुराव्यापुढे थांबण्याची ही शिस्त आपण शिकण्यासारखी आहे.

आता मला खटकणारा मुद्दा. या शोधात 'बुद्धिमान' कोणाला म्हणतात? ज्याच्याकडे रेडिओ-यंत्र आहे त्याला. ही व्याख्या कामापुरती ठीक आहे, कारण दुरून दुसरे काही कळूच शकत नाही. पण या मापाने अंबरनाथचे मंदिर घडवणारे पाथरवट बुद्धिमान ठरत नाहीत. बुद्ध ठरत नाही. माझी आजी तर मुळीच नाही. ती आकाशातल्या सप्तर्षींना 'बाज' म्हणायची आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना 'तीन चोर'. बाज किती कलली यावरून पहाट किती उरली ते ती सांगायची आणि कामाला निघायची. पुस्तकात मी वाचले तेव्हा तेथे सात ऋषी बसलेले होते. तारे तेच, पण त्यांवर नाव कोणाचे लागते हे पृथ्वीवर ठरते.

शाळेत एका गुरुजींनी मला सांगितले होते, "तुमच्याकडच्या पोरांना गणित झेपत नाही." त्यांनी माझी वही पाहिली नव्हती. ज्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही त्याला बुद्धीच नाही, असे धरून चालण्याची खोड माणसाला जुनी आहे. शेकडो वर्षे एका गावात राहून वेशीबाहेरचे माणूस ज्यांना ऐकू आले नाही, त्यांना चार प्रकाशवर्षांवरचे काय ऐकू येणार? शांतता आढळली म्हणजे पलीकडे कोणी नाही असे होत नाही. ऐकणाऱ्याचे यंत्र तोकडे असू शकते. खगोलशास्त्रज्ञ हे मानतो, म्हणून यंत्र सुधारतो. समाजशास्त्राला हेच मानायला लावावे लागते.

कोणी म्हणेल, जग अनंत आहे की सान्त, असल्या प्रश्नांवर बुद्धाने मौन धरले. बाण रुतलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कुळ विचारत बसू नये, असे मालुंक्यपुत्ताला समजावले. खरे आहे. पण ते प्रश्न तर्काने वाढणारे आणि पुराव्याने न मिटणारे होते. आजचा प्रश्न तबकडी फिरवून तपासता येतो. 'स्वतः पाहा आणि मग माना' या शिकवणीच्या तो जवळचा आहे.

त्या कार्यकर्त्याला माझे उत्तर दोन भागांत आहे. ड्रेक यांचा सातवा आकडा वालधुनीच्या काठी बसून विचार करण्यासारखा आहे. समाज किती टिकतो हे तो आपल्या पाण्याचे, हवेचे आणि आपल्यातल्या दुबळ्यांचे काय करतो यावर अवलंबून असते. नदी नासवणारा समाज आकाशाला फार काळ उत्तर देऊ शकणार नाही. म्हणजे तुमचा पाण्याचा लढा या हिशेबाच्या आतच आहे.

दुसरा भाग केसरबाई केरकरांचा. त्या 1892 साली गोव्यातल्या केरी गावी, देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजात जन्मल्या. त्या समाजाला गाण्याबद्दल दाद मिळत होती, मान मिळत नव्हता. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली. परक्या बुद्धिमानांना कधी सापडलीच तर म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तीत 55 भाषांतले नमस्कार आहेत, मराठीही आहे. आणि भारताच्या वतीने गाणे आहे ते केसरबाईंचे, भैरवीतले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या. 2012 साली पहिले व्हॉयेजर सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत गेले. साऱ्या पृथ्वीची ओळख सांगण्याची वेळ आली तेव्हा हा आवाज निवडला गेला. तेव्हा हा प्रश्न आपला नाही, असे आपण तरी म्हणू नये.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना पाहता येते. मुरबाडवरून माळशेज चढला की रस्ता तिकडेच जातो. यंदा आमच्या विद्यार्थ्यांची एक गाडी भरते आहे. त्या कार्यकर्त्याने आपले नाव दिले आहे, आणि सोबत दोन मुलींचेही.