कऱ्हाडे यांचे नाव कोठे गेले?

श्रोतेहो, ‘आचार्यास सांगा’ आणि ‘आचाऱ्यास सांगा’, यांत फरक एका रकाराचा. पण पहिला निरोप गुरुजींना जातो, दुसरा स्वयंपाक्याला!

संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, क्रमांक साठवतो. या क्रमांकांच्या जागतिक कोष्टकाला युनिकोड म्हणतात. त्यात हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत अशी: साधा र, पाय मोडण्याची खूण आणि डोळ्याला न दिसणारी एक जोडखूण. पुढची रीत सोपी: खाली टिंब असलेला ऱ आणि पाय मोडण्याची खूण. नवी रीत आली, पण जुनी मोडीत काढली नाही. जुना मजकूरही तसाच उमटावा, असा नियम मुद्दाम ठेवला. म्हणून जुने लेखन आजही वाचता येते.

मात्र डोळ्याला जे एक, ते यंत्राला दोन. समजा, सीताबर्डीवरच्या एखाद्या दुकानात शाळेची पटनोंदणी जुन्या रीतीने टंकित झाली. दाखल्यासाठी बाप दारात उभा; मास्तर नव्या रीतीने ‘कऱ्हाडे’ शोधतात. शोधणाऱ्या यंत्रणेला दोन्ही रीती एकच असे शिकवले नसेल, तर उत्तर येते, ‘सापडत नाही.’

मास्तर, अशा वेळी बापाला परत धाडू नका. नुसते ‘हाडे’ शोधून पाहा. ही अक्षरे दोन्ही रीतींत सारखीच आहेत. मूल पटावर असते, चुकलेला असतो तो शोध.