ब्राइटन

ब्राइटन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रसिद्ध सागरी विश्रामधाम. हे लंडनच्या दक्षिणेस सु. ८० किमी. वर इंग्लिश खाडीवर वसले आहे. १९९७ मध्ये शेजारच्या होव्हसह त्याचा एकच प्रशासकीय विभाग करण्यात आला व २००० मध्ये त्यास ‘सिटी’चा दर्जा मिळाला. संयुक्त लोकसंख्या सु. २,७७,००० (२०२१).

मूळचे हे ब्राइटहेल्मस्टन नावाचे कोळ्यांचे गाव. रिचर्ड रसेल या वैद्याने १७५० मध्ये ग्रंथिविकारांवर समुद्रजल गुणकारी असल्याचे प्रतिपादन करणारा लॅटिन ग्रंथ लिहिला आणि समुद्रस्नानासाठी रुग्णांची येथे रीघ लागली. १७८३ पासून युवराज (नंतरचा चौथा जॉर्ज) येथे येऊ लागल्याने गावाला प्रतिष्ठा लाभली. १८४१ मध्ये लंडनहून लोहमार्ग आल्यावर सामान्य जनांनाही ते खुले झाले. औषध, राजाश्रय व रेल्वे या तीन अवस्थांच्या खुणा येथील प्रेक्षणीय स्थळांत दिसतात.

रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा त्यांत प्रमुख आहे. हेन्री हॉलंडने १७८७ मध्ये बांधलेल्या वास्तूला जॉन नॅशने १८१५–२२ या काळात घुमट व मिनार यांनी युक्त असे भारतीय धर्तीचे बाह्य रूप दिले. अंतर्गत सजावट मात्र चिनी पद्धतीची आहे. व्हिक्टोरिया राणीला येथील वर्दळ रुचली नाही. १८५० मध्ये नगराने तो ५३,००० पौंडांना विकत घेतला, म्हणूनच तो आज वस्तुसंग्रहालय म्हणून पाहावयास मिळतो.

समुद्रात शिरलेले लोखंडी पीअर हे येथील दुसरे वैशिष्ट्य. १८२३ चा चेन पीअर १८९६ च्या वादळात नष्ट झाला. यूजीनिअस बर्चने बांधलेला वेस्ट पीअर (१८६६) १९७५ मध्ये बंद पडला व २००३ च्या आगींनंतर त्याचा केवळ सांगाडा उरला. १८९९ चा पॅलेस पीअर (लांबी सु. ५२५ मी.) मात्र करमणुकीचे खेळ, पाळणे व उपाहारगृहे यांनी गजबजलेला असतो. लोकाश्रय व देखभाल असेल तोवरच अशी बांधकामे टिकतात, हे या तिघांच्या इतिहासावरून दिसते.

येथील पुळणीवर वाळूऐवजी गोटे आहेत. तिच्या कडेने व्होल्क्स विद्युत् रेल्वे (१८८३) हंगामात धावते. आजही चालू असलेली ती जगातील सर्वांत जुनी विद्युत् रेल्वे होय. मत्स्यालय (१८७२), जुन्या वस्तूंच्या व जडजवाहिरांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘द लेन्स’ या अरुंद गल्ल्या, मे महिन्यातील कलामहोत्सव (१९६७ पासून) आणि नोव्हेंबरमध्ये लंडनहून येथवर येणारी जुन्या मोटारगाड्यांची फेरी ही अन्य आकर्षणे आहेत. नगराच्या उत्तरेस साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांवर पदभ्रमणाच्या वाटा आहेत.

ब्राइटनचा भारताशीही संबंध आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी येथे बाष्पस्नान व अंगमर्दनगृह चालविले. हिंदी ‘चांपो’वरून आलेला ‘शांपू’ हा शब्द इंग्लंडमध्ये रूढ होण्यास त्यांचा व्यवसाय साहाय्यभूत ठरला. पहिल्या महायुद्धात पॅव्हिलियनमध्ये जखमी भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय होते (१९१४–१६). तेथे धर्म व जातीनुसार स्वतंत्र स्वयंपाकघरे ठेवली होती. मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागी मुंबईचे वास्तुविद ई. सी. हेन्रिकिस यांच्या आराखड्यानुसार पांढऱ्या संगमरवराची ‘छत्री’ उभारण्यात आली. १९२१ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले असून तेथे दरवर्षी जूनमध्ये श्रद्धांजली वाहिली जाते.