सूर्यावरून सुटलेला ढग अंतराळात ओळखतात कसा?

10-11 मे 2024 च्या रात्री लडाखमधल्या हानले गावाचं आकाश लालसर झालं होतं. दोन दशकांतल्या सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळाचा तो परिणाम होता. सूर्यावरून एकापाठोपाठ सुटलेले प्लाझ्माचे ढग पृथ्वीवर आदळले होते.

पृथ्वीजवळ येईपर्यंत असे ढग फार विरळ होतात. शिवाय सौरवारा तर कायम वाहतच असतो. मग त्यात ढग वेगळा कसा ओळखायचा? पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला असलेलं भारताचं आदित्य-एल1 यान त्यासाठी या खुणा टिपतं :

• धक्का : वेगवान ढगापुढे वाऱ्याचा वेग, घनता आणि तापमान एकदम उसळतं.
• पीळ : ढगात चुंबकीय क्षेत्र प्रबळ असतं. आतल्या रेषा दोरखंडासारख्या पिळलेल्या असल्याने क्षेत्राची दिशा कित्येक तास सावकाश फिरत राहते.
• गारवा : ढग पसरत जातो, त्यामुळे त्यातले प्रोटॉन तुलनेने थंड असतात.
• हेलियम : एरवी शंभर प्रोटॉनमागे हेलियमचे साधारण चार कण असतात, ढगात ते अनेकदा आठच्या वर जातात.

प्रत्येक ढगात सगळ्या खुणा सापडतातच असं नाही. म्हणून त्या एकत्र ताडून पाहाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाची असते ती चुंबकीय दिशा. ती दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडं पडतं आणि वादळ भडकतं. ही दिशा खात्रीने कळते ती ढग यानापर्यंत पोहोचल्यावरच. सेकंदाला 500 किलोमीटर वेगाने आलेला ढग तिथून 50 मिनिटांत पृथ्वीवर धडकतो. उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांच्या हाती उरतो तेवढाच वेळ.